'दुर्लक्ष करा' म्हणजे नक्की काय करा?

"काही नाहीये. फ्लोटर्स आहेत. दुर्लक्ष करा. सिस्टर, नेक्स्ट."

चार वाक्यं, आणि त्यातलं चौथं तर माझ्यासाठी नव्हतंच. त्याआधी मी अडीच तास बाकड्यावर बसले होते. डोळ्यांत तीनदा ड्रॉप्स पडले होते, बाहुल्या रात्रीच्या मांजरीसारख्या मोठ्या झाल्या होत्या आणि हातातल्या फाइलवरचं स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. अकरा रात्री धड झोप नव्हती. केबिनबाहेर पडले तेव्हा माझ्या माहितीत एवढीच भर पडली होती, की माझ्या डोळ्यात जे काही आहे त्याला इंग्रजीत नाव आहे.

आधीच सांगून टाकते, हा लेख त्या डॉक्टरांविरुद्ध नाही. त्यांनी पडदा नीट तपासला, निदान बरोबर केलं आणि उगाच एखादं औषध माथी मारलं नाही. माझं भांडण त्या दोन शब्दांशी आहे. 'दुर्लक्ष करा' हा सल्ला माझ्यासारख्यांसाठी निरुपयोगी आहे आणि माझ्या मामासारख्यांसाठी धोकादायक. मामाकडे नंतर येते.

डिसेंबरातली गोष्ट. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वर निळंशार आभाळ, समोर पांढरी चादर. चादरीवर कोळ्याच्या जाळ्याचा तुकडा दिसला म्हणून हाताने झटकला. तो हलला, पण गेला नाही. चष्मा पुसला. तरी तिथेच. मग लक्षात आलं की मी उजवीकडे बघितलं की तोही उजवीकडे येतो, किंचित उशिराने, झोके घेत. मी थांबले की तो आणखी थोडा पुढे जाऊन हळूहळू खाली बसतो. एक दोरा, त्याला गाठ आणि बाजूला दोन पारदर्शक ठिपके, साबुदाण्याच्या दाण्यांसारखे. मी सत्तावीस वर्षांची, माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच, आणि मी दिवसाचे नऊ तास सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पहिला विचार काय आला असेल ते सांगायला नकोच.

घरी फोन केला. आईने निकाल अर्ध्या सेकंदात दिला : मोबाईल. बाबा म्हणाले, गाजर खात नाहीस. मावशीने त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायला सांगितले. पुढच्या शनिवारी सांगलीला गेले तेव्हा आईने मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. डोळ्यालाच दृष्ट लागली म्हणून दृष्ट काढली, यातला विनोद मला तेव्हा दिसला नाही. मला तेव्हा फक्त तो दोरा दिसत होता.

आता ते दोन मिनिटांचं स्पष्टीकरण देते. मला ते मिळायला तीन महिने लागले. डोळ्याचा बहुतेक भाग एका जेलीने भरलेला असतो. शाळेच्या पुस्तकात तिला काचाभ द्रव म्हणतात, डॉक्टर व्हिट्रियस म्हणतात. एका डोळ्यात ती सुमारे चार मिलिलीटर, म्हणजे चमचाभरही नसते. त्यातलं जवळजवळ ९९ टक्के पाणीच. उरलेल्या टक्क्यात कोलॅजनचे अतिशय बारीक धागे आणि हायलुरॉनिक अ‍ॅसिड. हो, तेच, जे तुमच्या फेस सीरमच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं तेच मुळी गाईच्या डोळ्यातल्या या जेलीतून. तरुणपणी हे धागे सारखे पसरलेले असतात म्हणून जेली काचेसारखी स्वच्छ असते. वय वाढतं तशी ती जागोजाग पातळ होते, धागे एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. नंबर मोठा असेल तर डोळा लांबट असतो आणि हे सगळं लवकर सुरू होतं. त्या पुंजक्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली.

एकदा 'सावली' हा शब्द हातात आला की बाकीची कोडी आपोआप सुटतात. भर दुपारच्या उजेडात बाहुली बारीक होते, त्यामुळे सावली ठळक पडते. म्हणून गच्चीवर दोरा छळतो आणि रात्री पिवळ्या दिव्यात गायब होतो. भिंतीजवळ हात धरला की हाताची सावली रेखीव, लांब नेला की पुसट. तसंच पुंजका पडद्याजवळ असेल तर रेखीव, लांब असेल तर धुरकट डाग. जेली डोळ्याबरोबर लगेच थांबत नाही, हिंदकळते, म्हणून तो झोका. आणि पांढरा स्क्रीन म्हणजे फक्त एक पांढरी भिंत. तो दोरा निर्माण करत नाही, दाखवतो. आई, हे वाचत असशील तर कृपया नोंद घे.

मोबाईलवर खापर फोडण्याची ही सवय मला खरंच संताप आणते. मोबाईलने आपलं बरंच काही बिघडवलंय, त्याचा हिशेब वेगळा मांडू. पण डोळ्यापुढच्या या माश्या मोबाईलच्या फार आधीच्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टीच्या विकारांचं वर्णन आहे. तिथे रोग्याला माश्या, डास, केस आणि जाळी दिसतात असं स्वच्छ नोंदवलंय. आजच्या भाषेत तो कुठला विकार हा वाद वैद्यांनी घालावा, पण यादी वाचून मी चाट पडले. लॅटिनमध्येही याला 'उडत्या माश्या' अशाच अर्थाचं नाव आहे. जगाच्या दोन टोकांना लोकांनी आभाळाकडे बघून तीच माशी पाहिली आणि दोघांच्याही हातात फोन नव्हता. 'मोबाईलमुळे' हे उत्तर देणाऱ्याला पुढचा प्रश्न नको असतो. ते घरगुती 'दुर्लक्ष करा' आहे, वर थोडी शिक्षा जोडलेली. तुझ्या चुकीने झालं, भोग.

आता दुसरी बाजू. घरात आणि केबिनमध्ये बोलणं संपवलं की आपण कुठे जातो? रात्री दीड वाजता, चादर डोक्यावर घेऊन, सर्चच्या चौकटीत. मी गेले. 'डोळ्यासमोर दोरा' असं मराठीत टाइप केलं तर हाताला फारसं काही लागलं नाही. इंग्रजीत टाकलं तर दहा मिनिटांत मी आंधळी झाले होते. रेटिना सुटणं, रेटिनात रक्तस्राव, ट्यूमर. दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनला माझा आजार पाठ झाला. रील्स येऊ लागली : सात दिवसांत फ्लोटर्स गायब, हे ड्रॉप्स, या गोळ्या, डोळे गोल फिरवायचे व्यायाम, रोज अननस. एक गृहस्थ तर तळहात चोळून डोळ्यांवर ठेवायला सांगतात आणि खालच्या लिंकवर अठराशे रुपयांचा कोर्स विकतात. त्यांच्या रीलला पाच लाख लाइक आहेत. मी तो कोर्स विकत घेतला नाही, पण कार्टमध्ये टाकून चार दिवस ठेवला होता. हे कबूल करायला लाज वाटते. डोळ्यात घालायचा कुठलाही ड्रॉप किंवा तुपाचा थेंब त्या जेलीतला पुंजका विरघळवतो असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही.

का? कारण त्या गृहस्थांनी त्या डॉक्टरांपेक्षा एक गोष्ट जास्त केली. ते तीन मिनिटं माझ्या दोऱ्याबद्दल बोलले. त्यांना तो दिसत होता. आपण अडाणी किंवा मूर्ख असतो म्हणून भोंदू माणसाकडे जातो असं नाही. आपला त्रास पहिल्यांदा कुणीतरी शब्दांत मांडतं, तिथे आपण बसतो. ती खुर्ची रिकामी कुणी सोडली?

माझे नंतरचे दोन महिने असे गेले. सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्ससमोर उभी. डावा डोळा झाका, मोजा. उजवा झाका, मोजा. कालच्यापेक्षा एक जास्त? टिपणवहीत नोंद. आकृत्यासुद्धा. ऑफिसमध्ये डार्क मोड. बाहेर ढगाळ असलं की सुटका, ऊन पडलं की छातीत धस्स. मैत्रिणींची सिंहगडची ट्रिप मी टाळली, कारण तिथे आभाळ फार आहे. आणखी दोन डॉक्टर झाले, दोनदा पडदा तपासला, दोन्हीकडे रिपोर्ट उत्तम. तपासून आल्यावर साधारण दीड दिवस बरं वाटायचं. मग विचार यायचा : तपासणीनंतर फाटला असेल तर?

याला हेल्थ अँग्झायटी म्हणतात आणि तिची गंमत म्हणजे दिलासा हे तिचं खाणं आहे. जितका दिलासा मिळेल तितकी ती भुकेली होते. ऑफिसमधल्या कौन्सेलरने मला हे समजावलं आणि पहिलं काम दिलं : सकाळची मोजणी बंद. टाइल्सकडे बघायचं नाही असं ती म्हणाली नाही. मोजायचं नाही, एवढंच म्हणाली. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते कळायलाच मला आठवडा लागला.

इथे ती जुनी गोष्ट आठवते. वैद्य औषध देतो आणि बजावतो, घेताना माकडाचा विचार करू नकोस. बिचाऱ्याला आयुष्यात कधी माकड आठवलं नसेल, पण आता प्रत्येक घोटाला माकड. १९८७ साली डॅनियल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट प्रयोग म्हणून केली, माकडाऐवजी पांढरं अस्वल घेऊन. विचार करू नका असं सांगितलेल्या माणसांच्या डोक्यात अस्वल येतच राहिलं. आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होतं. मग नेत्रविभागाला का नसावं?

दुर्लक्ष ही आज्ञा देऊन होणारी क्रिया नाही. मेंदू ते स्वतः करतो, आणि फार छान करतो. तुमच्या पडद्यासमोर रक्तवाहिन्यांचं अख्खं झाड आहे, त्याची सावली जन्मापासून पडतेय, तुम्हाला दिसत नाही. प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका आहे, तोही दिसत नाही. स्वतःचं नाक दिवसभर नजरेच्या टापूत असतं. (आता दिसलं ना? सॉरी.) मेंदू रोजच्या, निरुपद्रवी गोष्टी गाळून टाकतो, पण त्याला आधी 'निरुपद्रवी' हा शिक्का लागतो. ज्या गोष्टीला पाहून दर वेळी छातीत धडधडतं, ती मेंदू कशी गाळेल? त्याच्या लेखी तो दोरा म्हणजे गवतातला साप. तेव्हा क्रम असा आहे : आधी समजणं, मग भीती ओसरणं, मग दुर्लक्ष. आपले डॉक्टर तिसऱ्या पायरीवर उभे राहून खालच्या माणसाला म्हणतात, या की वर.

आता मामा.

मामा एकसष्ट वर्षांचा. साखर कारखान्यातून निवृत्त. चार-पाच वर्षांपूर्वी त्याला डोळ्यासमोर माशी दिसू लागली. तालुक्याच्या गावी तपासलं, तिथेही तेच दोन शब्द मिळाले. मामा आज्ञाधारक माणूस. त्याने दुर्लक्ष केलं आणि माशीचा त्याला कधी त्रासही झाला नाही. माझ्यासारखा तो टाइल्स मोजत बसला नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी त्याच्या डाव्या डोळ्यात अचानक मिरपूड उधळल्यासारखे काळे ठिपके आले. अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. मामीने विचारलं तर म्हणाला, "ते जुनंच आहे गं, डॉक्टरांनी दुर्लक्ष करायला सांगितलंय." पाचव्या दिवशी नाकाच्या बाजूने काळा पडदा सरकू लागला. नवव्या दिवशी त्याने शेजाऱ्याला स्कूटरवरून न्यायला सांगितलं. तोवर पडदा मधोमधपर्यंत सुटला होता.

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला, कित्येक दिवस उपडं झोपवलं. पडदा बसला. पण त्या डोळ्याने तो आता माणूस ओळखतो ते चालीवरून, चेहऱ्यावरून नाही.

मामाने सल्ला मोडला नाही, तंतोतंत पाळला. म्हणून मी चिडले आहे. वय साधारण पन्नाशी-साठीला आलं की ती जेली आक्रसून मागच्या पडद्यापासून सुटते. हे बहुतेकांचं होतं आणि बहुतेकांचं सुखरूप होतं. पण सुटताना कधी कधी ती पडद्याला ओढून फाडते. अचानक नवे ठिपके आणि चमक घेऊन आलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा एक आढावा २००९ साली 'जामा'मध्ये आला होता. त्यात अशा सुमारे १४ टक्के लोकांच्या पडद्याला चीर सापडली होती. साधारण सातातला एक. चीर वेळेत सापडली तर लेझरने तिच्याभोवती टाके घातल्यासारखे ठिपके मारतात, ओपीडीतच, आणि माणूस संध्याकाळी घरी चहा पितो. नाही सापडली तर चिरेतून पाणी मागे शिरतं आणि भिंतीवरचा रंग फुगून सुटावा तसा पडदा सुटतो. चहा आणि मामा यांच्यातलं अंतर एका वाक्याचं होतं. 'अचानक ठिपके वाढले, वीज चमकली किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी या.' हे वाक्य त्याला पाच वर्षांत कुणीही सांगितलं नाही.

यावर नेहमी दोन उत्तरं येतात. पहिलं : डॉक्टरांकडे वेळ नसतो. मान्य. बाहेर ऐंशी माणसं बसलेली मी पाहिली आहेत, त्यात मोतीबिंदूच्या आज्या आहेत, शुगरने पडदा खराब झालेली माणसं आहेत. त्यांच्यापुढे माझा दोरा किरकोळ आहे, हे मलाही कळतं. पण वरचं वाक्य मोठ्याने म्हणून बघा. दहा सेकंद लागतात. तेही नको असेल तर केसपेपरच्या मागे मराठीत छापा. तिथे सध्या एका चष्म्याच्या दुकानाची जाहिरात असते. दुसरं उत्तर मला जास्त झोंबतं : इतकं सांगितलं तर लोक घाबरतील. अहो, लोक घाबरलेलेच आहेत! रात्री दीडला चादरीखाली घाबरलेत. कधी घाबरायचं हे कळलं की बाकीच्या वेळी घाबरायचं नाही हेही कळतं. मला त्या तीन खुणा नीट कळल्या, त्या दिवसापासून रोजचा दोरा रोजचा झाला. माहितीने माझी भीती वाढली नाही, तिला कुंपण मिळालं.

माझ्याच बाजूच्या लोकांशीही माझं पटत नाही. दोरे असणाऱ्यांच्या जगात एक गट आहे, जो म्हणतो की हे डॉक्टर मुद्दाम ऑपरेशन करत नाहीत. ऑपरेशन आहे. व्हिट्रेक्टमी, म्हणजे ती जेलीच काढून टाकायची. १९७०च्या सुमारास रॉबर्ट मॅशेमर यांनी ही पद्धत रुळवली. पण त्यानंतर मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि ज्या पडदा सुटण्याच्या भीतीने आपण मेलो होतो तोच सुटू शकतो. पंचविशीतल्या, निरोगी पडद्याच्या मुलीला सर्जन नाही म्हणतो, तेव्हा तो तिचा शत्रू नसतो. पुंजक्यावर लेझर मारायचा पर्यायही आहे, पण तो सगळ्यांना चालत नाही आणि त्याच्या बाजूचा पुरावा तोकडा आहे.

पण याचा अर्थ त्रास खोटा असाही नाही. सिंगापूरमध्ये २०११ साली फ्लोटर्सच्या रुग्णांना विचारलं गेलं की हे जावं म्हणून काय द्याल. सरासरी उत्तर होतं, उरलेल्या आयुष्याच्या दर १० वर्षांतलं १.१ वर्ष. हे वाचून मी रडले. कुणीतरी मोजलं होतं. आणि २०१३ साली ६०३ स्मार्टफोनधारकांना विचारलं, तर ७६ टक्क्यांनी आपल्याला फ्लोटर्स दिसतात असं सांगितलं. म्हणजे तुम्ही हे ज्या लोकलमध्ये वाचताय, त्या डब्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यात एखादी माशी असेल. त्यातल्या बहुतेकांचं काही अडत नाही, थोड्यांचं फार अडतं. कुणाचं गाडी चालवणं, कुणाचं वाचणं. 'सगळ्यांनाच असतं' हे त्या थोड्यांना दिलेलं उत्तर नाही. डोकेदुखीही सगळ्यांनाच असते, म्हणून अर्धशिशीवाल्याला आपण परत पाठवत नाही.

मार्चमध्ये वार्षिक तपासणीला गेले. आता वर्षातून एकदाच जाते, हे ठरवायलाही कौन्सेलरची मदत लागली. या वेळी दुसरं हॉस्पिटल होतं आणि आधी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली, माझ्याच वयाची. कपाळावर तो दिवा बांधताना तिने सहज विचारलं, "दिसतं कसं तुम्हाला?" चार डॉक्टरांत पहिल्यांदा कुणी हे विचारलं होतं. मी म्हटलं, दोरा, गाठ, दोन साबुदाणे. ती हसली. माझ्या केसपेपरवर तिने डोळ्याचं चित्र काढलं, आत एक वाकडी रेघ मारली आणि पेनच्या टोकाने सावली कशी पडते ते दाखवलं. मग त्या तीन खुणा सांगितल्या, मला पाठ असूनही मी पूर्ण ऐकल्या. पडदा स्वच्छ होता. सगळ्याला मिळून दोन-अडीच मिनिटं गेली असतील, बाहेर रांग तेवढीच होती.

बाहुल्या मोठ्या असल्यामुळे गाडी चालवता येईना, म्हणून रिक्षाची वाट बघत उन्हात उभी होते. मामाचा फोन आला.

"काय म्हणाले गं?"

"पडदा चांगला आहे. माशी आहेच."

"माझ्या उजव्यातपण आहे अजून एक," तो म्हणाला. "पण आता हिशेब ठेवतो तिचा. वाढली तर सरळ एसटीत बसणार."

"रोज मोजत नको बसूस हां."

"छे. सकाळी पेपर वाचताना येते, तेवढंच बघतो. बरं, रिक्षा मिळाली का?"